आबा जेवले नाहीत, मीठ पाहिलं

आमच्या आबांनी लग्न झालेल्या मुलीच्या घरचं कधी खाल्लं नाही. पाणीसुद्धा नाही. आमच्याकडच्या जुन्या माणसांत ही रीत होतीच, पण बाकीच्यांनी पहिलं नातवंड झाल्याबरोबर ती सोडून दिली. आबांनी सोडली नाही. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, मला दोन मुलं आहेत, थोरली कॉलेजात जाते, तरी आबांच्या लेखी मी अजून कालच सासरी गेलेली. मी नंदुरबारला दुसऱ्या मजल्यावर राहते. रनाळ्याहून महिन्यातून दोनदा तरी आबा येतात. हातात नातवंडांसाठी केळी आणि काखेत पाण्याची बाटली, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. सोफ्याच्या अगदी कडेला बसायचं, सगळ्यांची चौकशी करायची, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायचं आणि निघायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "आबा, पानी तं नगरपालिकानं शे, मन्हं नही." आबा पोट धरून हसले आणि आपल्याच बाटलीचं बूच उघडलं.

मी शाळेत शिकवते. वर्गात साठ पोरं माझ्या नुसत्या बघण्याने गप्प होतात. पण या एका माणसाला मी बावीस वर्षांत एक कप चहा पाजू शकले नाही, आणि हे मला लागतं. लोकांना मी हसत हसत सांगते, पण लागतं.

धाकटी बहीण माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. ती पुण्याला हॉटेलचं शिकली, तिथल्याच एका मोठ्या हॉटेलात चार वर्षं राबली, मग लग्न होऊन शहाद्याला आली. नवऱ्याचं खतांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या वर रिकामा हॉल पडला होता, तिथे तिने स्वतःचं हॉटेल काढलं. सहा टेबलं. तिची कल्पना अशी की आपल्या खानदेशातलेच पदार्थ, पण छोट्या छोट्या ताटल्यांत. ताटली टेबलाच्या मधोमध ठेवायची आणि घरच्यांनी सगळ्यांनी मिळून थोडं थोडं खायचं. म्हणजे एका बैठकीत दहा-बारा चवी होतात. पुण्यात असं चालतं, शहाद्यात का नाही चालणार, असं तिचं म्हणणं. शहादेकर हुशार निघाले. त्यांना कल्पना आवडली की नाही देव जाणे, पण तिच्या हाताची चव आवडली, आणि महिन्याभरात रविवारची टेबलं भरायला लागली.

आबा मात्र उद्घाटनालाही गेले नाहीत. बरं वाटत नाही म्हणाले. त्या दिवशी ते शेतात कापसाला पाणी देत होते, हे मायने मला फोनवर सांगितलं.

मग धाकटीने मला फोन केला. नेहमी फटाक्यासारखी बोलणारी पोर, त्या दिवशी आवाज अगदी खाली. "ताई, सारं गाव मन्हा हातनं खाई ऱ्हायनं. आबाच नही. त्यास्नी एक घास जरी खादा ना, तं मी समजसू हाटेल चालनं." मी म्हटलं, मी आणते त्यांना. म्हणताना वाटलं होतं त्यापेक्षा ते काम अवघड निघालं.

भावाने आधी वाद घालून पाहिला. तो मधला, घरची शेती तोच बघतो. तो म्हणाला, "आबा, ते हाटेल शे, घर नही. कोनीबी जास, कोनीबी खास."

आबांनी विचारलं, "चूल कोनी शे?"

"तिनीच."

"मंग घरच व्हयनं."

शेवटी माय चिडली. "तुम्ही खाऊ नका, पन चला तरी. पोरनं तोंड दखा." तेवढं आबांनी मानलं. एका रविवारी भाऊ गाडी घेऊन निघाला. पुढे आबा, मागे माय आणि वहिनी. नंदुरबारला मला घेतलं आणि प्रकाशा गावाच्या पुलावरून तापी ओलांडून आम्ही बाराच्या सुमाराला शहाद्यात पोचलो. आबांच्या काखेत बाटली होतीच.

धाकटीने खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं होतं. आबांनी खुर्ची टेबलापासून हातभर मागे ओढली आणि माझ्या सोफ्यावर बसतात तसे कडेला बसले. मेनूकार्ड त्यांनी हातातसुद्धा घेतलं नाही. धाकटी आली, पाया पडली. "आबा, काय देऊ?" ते म्हणाले, "तू तुन्हं काम कर बेटा, मी बरा शे." तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, थांब जरा. खरं तर माझ्याकडे काहीच युक्ती नव्हती.

पहिली ताटली आली. फुणक्यांची. वाफवलेल्या डाळीचे चार फुणके, वर लसणाची फोडणी, बाजूला बोटाएवढ्या पेल्यात कढी. दिसायला इतकं देखणं की वहिनीने लगेच मोबाइल काढला. माय ताटलीकडे बघत राहिली. मग वाढायला आलेल्या बाईला म्हणाली, "नमुना चांगला शे. आते जेवन दी टाक."

तिला समजावून सांगेपर्यंत भावाने दोन फुणके उडवले होते. माय म्हणाली, मग असं कर, सगळ्यांना एकेक ताटली दे, उष्टं-खरकटं नको. पुन्हा समजावलं. हळूहळू गाडी रुळावर आली, पण खरी पंचाईत पुढेच होती. प्रत्येक ताटलीत चार तुकडे आणि खाणारेही आम्ही चौघं, म्हणजे हिशेबाने सरळ व्हायला हवं. पण भाऊ दोन घेणार, वहिनी फोटो काढत बसणार, आणि शेवटच्या तुकड्यावर आमचा सगळा संस्कार उफाळून येणार. तू ले. नही, तू ले. मन्हं पोट भरनं. तुन्हं कसानं भरनं, तू तं खादंच नही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीच्या चकतीवर भरीत, असा एक सुंदर पदार्थ होता. त्याचा शेवटचा तुकडा टेबलाला तीन फेऱ्या मारून थंडगार झाला आणि शेवटी कोणीच खाल्ला नाही. मागून आलेल्या दोन ताटल्या ठेवायला जागा नव्हती. अळूच्या वड्या माझ्या कोपराखाली आल्या.

आबा हे सगळं बघत होते. इथे आबांविषयी एक सांगायला हवं. आमच्या पंचक्रोशीत लग्न असो, तेरावं असो, भंडारा असो, वाढायची व्यवस्था आबांकडे असते. वयाच्या विशीपासून. हजार माणसाच्या पंगतीत बट्टी कुठे कमी पडली, वरणाची बादली कुठे अडली, कोण लाजून मागत नाही, हे त्यांना लांबून उभं राहून कळतं. पंगत विस्कटलेली त्यांना बघवत नाही. त्यांचा उजवा गुडघा हलायला लागला. मी तो ओळखते. नवरदेवाकडचे उशिरा आले की तो असाच हलतो.

"काय करी ऱ्हायनात रे तुम्ही?" असं म्हणून ते उठले. बाटली खुर्चीवर ठेवली, बाह्या वर केल्या, आणि अळूवडीची ताटली उचलून सुरुवात केली. मायला एक, वहिनीला एक, मला एक, भावाला एक. भावाने दुसरीसाठी हात पुढे केला तर हातावरच चापटी. रिकाम्या ताटल्या एकात एक घालून बाजूला. पुढची ताटली. पाच मिनिटांत टेबल लखलखीत झालं आणि आम्ही चौघं शाळेतल्या पोरांसारखे ओळीत खाऊ लागलो.

आबा इतक्यावर थांबले असते तर ते आबा कसले. शेजारच्या टेबलावर बाजारपेठेतल्या एका मारवाडी कापडवाल्यांचं कुटुंब बसलं होतं. आजीबाईंपासून नातवापर्यंत सहा जण. त्यांची ताटली रिकामी दिसली. आता आबांच्या हिशेबाने एका वेळी एका छपराखाली बसलेले सगळे एकाच पंगतीला असतात. त्यात तुमचं टेबल, आमचं टेबल हा प्रकारच नाही. ते आमची कच्च्या केळ्याच्या कबाबांची ताटली उचलून तिकडे गेले आणि आजीबाईंच्या पुढ्यात वाढणार, तेवढ्यात हात थांबला. "मायजी, थांबा. लसूण शे का, पाहीसन येस." आजीबाई लसूण खात नसतील, हे हॉटेलात आयुष्यात पहिल्यांदा आलेल्या माणसाने ओळखलं, याचं मला कौतुक वाटलं. पंगतीतलं शहाणपण होतं ते.

मी कपाळाला हात लावला. वहिनी हसून हसून टेबलावर पडली. कापडवाले मात्र एकदम खूश. त्यांना वाटलं हे हॉटेलचे मालक. "काकाजी, हमारे लिए बिना कांदा-लसूण क्या है, आपही बताओ," असं ते म्हणाले आणि आबा विचारायला थेट स्वयंपाकघरात घुसले. मी मागून धावले, निदान त्यांनी आचारी बदलू नये म्हणून.

आत धाकटी एकटी चार शेगड्यांसमोर उभी होती. कपाळावर घाम, केस डोळ्यांवर. तिच्या हाताखालच्या दोन्ही बायका बाहेर वाढत होत्या. एका मोठ्या पातेल्यात डुबुक वड्यांचा रस्सा रटरटत होता. तिने डाव भरला आणि समोर मांडलेल्या वाट्यांत ओतायला गेली.

"थांब," आबा म्हणाले, आणि उजवा तळहात पुढे केला.

गावच्या कार्याला आबांचा हा कायदा. मीठ पाहिल्याशिवाय चुलीवरून काहीही पंगतीत जात नाही. वरण असो, भाजी असो, तळहातावर थेंबभर घ्यायचं, चाटायचं, आणि मग 'जाऊ दे' म्हणायचं. धाकटीने हे लहानपणापासून हजारदा पाहिलेलं. तिनेही विचार न करता त्यांच्या हातावर रस्सा सोडला. आबांनी चाटला. डोळे किंचित मिटले.

"मीठ कमी शे."

धाकटीने चिमूट टाकली, डाव फिरवला, पुन्हा हातावर सोडलं. आबांनी पुन्हा चाटलं. "आते जाऊ दे."

आणि मग तिघांच्याही लक्षात आलं. धाकटीचा डाव हवेतच राहिला. आबा आपल्या तळहाताकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. शेगडीवर रस्सा उकळत होता, बाहेरून भावाचं हसणं ऐकू येत होतं. धाकटीचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "आबा, तुम्ही मन्हा हातनं खादं."

आबांनी हात धोतराला पुसला. "मी जेवनू नही. मी मीठ दखं."

"दखं ना?"

"दखं. मीठ दखनं म्हंजे जेवनं नही."

माझी बहीण मूर्ख नाही. तिने नाक पुसलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मंग आबा, बाकीनंबी दखी ल्या. मी एकली शे. चुकी जास."

त्यानंतर जे झालं त्याला मी जेवण म्हणणार नाही, कारण आबा म्हणत नाहीत. ते ओट्यापाशी उभे राहिले. आधी शेवभाजी तळहातावर. बरोबर आहे. मग केळ्याचा कबाब, त्याचा थेंब कसा घेणार, म्हणून अर्धा. अर्ध्यात नीट समजलं नाही म्हणून उरलेला अर्धा. मग मिरचीची भाजी. ती चाखताना नुसतं तिखटच कळलं, तेव्हा सोबत भाकरीचा तुकडा. मग पाटोडी. मग पुन्हा शेवभाजी, कारण मधल्या काळात बदलली असेल. माय दाराशी येऊन हे बघत होती. ती म्हणाली, "मीठ दखता दखता पोरनं सैपाकघर रिकामं करी टाकशात." शेवटी धाकटीने खापरावरच्या पुरणपोळीचा चतकोर पुढे केला, वर तूप. माय लगेच म्हणाली, "आन् गोडमा मीठ ऱ्हास का?"

"ऱ्हास," आबा चावता चावता म्हणाले. "कनिकमा. चिमटीभर."

सगळे हसलो. धाकटी तर हसता हसता ओट्यावर बसली आणि रडायला लागली आणि परत हसली. कापडवाल्यांच्या आजीबाईंना बिनलसणाची अळूवडी पोचली, त्यांनी आबांना आशीर्वाद दिला. निघताना धाकटीने मला घट्ट मिठी मारली. "ताई, तुन्हामुये व्हयनं." मी तिची पाठ थोपटली, चांगलं चांगलं बोलले, आणि गाडीत येऊन बसले.

आता खोटं कशाला बोलू? मला हेवा वाटला. प्रकाशा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. ऊस गेला, केळीच्या बागा गेल्या, मला काही दिसलं नाही. हॉटेल काढून सहा महिने झाले नाहीत आणि तिच्या हातचं बारा प्रकारचं मीठ पाहून झालं. माझ्याकडे बावीस वर्षांत एकदाही मीठ पाहायची गरज पडली नाही? माझ्याकडे काय सगळं अळणीच चालतं? माय दोनदा म्हणाली, तू गप्प का. मी म्हटलं, डोकं दुखतंय. पुढच्या सीटवर आबा अगदी खुशीत होते, कापडवाले किती भले लोक आहेत ते भावाला सांगत होते.

पाचच्या सुमाराला गाडी आमच्या बिल्डिंगखाली थांबली. मी उतरले. पिशवी घेतली. दोन पावलं गेले आणि परत फिरले. रविवारची संध्याकाळ, खाली ओट्यावर सगळ्या बायका बसलेल्या, समोर दूधवाला. कशाचंही भान राहिलं नाही. मी आबांच्या खिडकीत वाकून म्हटलं, "आबा, मन्हा घरनं मीठ कव्हय दखशात?"

भावाने समोरच्या काचेकडे बघायला सुरुवात केली.

"बावीस वरीस व्हयनात," मी म्हटलं. आवाज चढला होता. "तुम्ही येतस, बसतस, बाटली उघडतस, चालना जातस. मी तुम्हनी आंडेर, तुम्हनी पोर नही का?"

मला वाटलं आबा रागावले. मग ते माझ्याकडे न बघता, आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "तुन्हं लगीन व्हयनं, आन् मी पहिला डाव तुले भेटाले उनू. तू दारमा उभी व्हती. डोया लाल. तू मन्हासाठे ताट वाढं. याद शे तुले?"

मला आठवत होतं. त्या ताटातलं मी रात्री एकटीने खाल्लं होतं.

"मनमा उनं, आठे बसीसन हिन्हा हातना एक घास जरी खादा, तं मले उठता येवाव नही. उठनू तं हिले संगे लई जासू." ते थांबले. "मंग सांगी टाकं, आंडेरना घरनं खातस नही. रीत व्हतीच. बरी सापडनी मले."

मागच्या सीटवर माय पदर डोळ्यांना लावून बसली होती. म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं आणि बाई बोलली नाही.

मी काय करायला हवं होतं मला माहीत नाही. शहाणी मुलगी कदाचित पाया पडली असती. मी गाडीचं दार खाडकन उघडलं आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं, "आते मी पंचेचाळीसनी व्हयनी. आते कोन रडी ऱ्हायनं आठे? उतरा." मी रडत होते ते ओट्यावरच्या सगळ्या बायकांना दिसत होतं.

आबा उतरले. दोन मजले चढले. बाटली गाडीतच राहिली, मी मुद्दाम आठवण केली नाही. घरात तयार असं काही नव्हतं. सकाळची चवळीची भाजी गरम केली, कांदा फोडला, एक भाकरी थापली, मग दुसरी. आबा तळहात पुढे न करता ताट घेऊन बसले. सोफ्यावर नाही, खाली, भिंतीला टेकून, मांडी घालून. भाजीतलं मीठ कमी की जास्त, काही बोलले नाहीत. दोन्ही भाकरी खाल्ल्या. तांब्याभर पाणी प्यायले, नगरपालिकेचं. ताटातच हात धुतला.

खाली भावाने हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजवला. मी म्हटलं, "आबा, भाऊ वाट पाही ऱ्हायना."

"वाजाडू दे," आबा म्हणाले, आणि उठले नाहीत.